थर्मामीटर पिल्लाच्या उंचीवर हवा

या वेळची सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत. घरच्या पोल्ट्रीत सेन्सर, अॅप, कॅमेरा आणावेत का, आणि आणल्यावर ते सांभाळायचे कसे? मी चौदा वर्षं घरच्यांबरोबर हेच काम करते आहे. दोन शेड ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या पक्ष्यांच्या, आणि एक अंड्यांच्या कोंबड्यांची. त्यामुळे जे आम्ही स्वतः वापरलं, जिथे आम्ही चुकलो, तेवढंच सांगते.

प्रश्न : ताई, आमची २००० पक्ष्यांची शेड आहे. मी आणि बाबा दोघं मिळून बघतो. मला तापमान, आर्द्रता, अमोनिया, कॅमेरा, आपोआप चालणारे पंखे असं सगळं एकदम बसवायचंय. बाबा म्हणतात, आधी एकच वस्तू घे आणि ती नीट चालवून दाखव. पहिली कोणती घेऊ?

बाबांचं ऐका, आणि पहिलं पाण्याचं मीटर घ्या.

तुम्हाला हे उत्तर साधं वाटेल, पण पोल्ट्रीत पाण्याइतकी लवकर खबर दुसरं काहीच देत नाही. पक्षी आजारी पडायला लागला की बऱ्याचदा मरतूक दिसण्याच्या आधी पाणी कमी होतं. खाद्य कमी झालेलं आपल्याला दुसऱ्या दिवशी फीडर बघून कळतं. पाण्याचा आकडा त्याच दिवशी समोर असतो. सौम्य हवामानात पक्षी जितकं खाद्य खातो त्याच्या साधारण १.६ ते २ पट पाणी पितो. उन्हाळ्यात हे प्रमाण बरंच वर जातं. म्हणून एकट्या आकड्याकडे बघू नका, कालच्या आकड्याशी आणि आजच्या उष्म्याशी ताडून बघा. वाढत्या ब्रॉयलरचं पाणी रोज थोडं थोडं वाढायलाच हवं. ते थांबलं किंवा घसरलं की त्याच तासाला शेडमध्ये जायचं.

आमच्याकडे एका बॅचला चोविसाव्या दिवशी पाणी ४६० लिटरवरून ३९० वर आलं. पक्षी बघितले तर चांगले, चपळ. मला वाटलं मीटरच बिघडलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, निपलच्या, म्हणजे चोच लावली की थेंब देणाऱ्या तोट्यांच्या, लाइनीच्या टोकाला गेले आणि शेवटचं निपल बोटाने दाबून धरलं. थेंब येत होता, पण अडखळत. फिल्टर उघडला तर जाळीवर बुळबुळीत थर बसलेला. आदल्या आठवड्यात पाण्यातून जीवनसत्त्वं दिली होती, त्याचा गाळ. फिल्टर धुतला, लाइन फ्लश केली आणि दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर आला. मीटर नसतं तर हे आम्हाला वजन कमी भरल्यावर कळलं असतं.

दर तासाचा आकडा नोंदवणारं मीटर मिळालं तर आणखी चांगलं. दिवे बंद असताना, पक्षी झोपलेले असताना, पाणी जवळजवळ शून्यावर यायला हवं. तेव्हाही काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि ते पाणी जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या गादीत मुरतंय. गळती दोन रात्रींत शोधली तर चार फावडी ओला तूस काढून भागतं. दोन आठवड्यांनी शोधली तर शेडभर अमोनिया आणि पायांना फोड.

घेताना एक बघा : निपलमधून पाणी फार हळू जातं. मोठ्या पाइपासाठी बनवलेलं मीटर इतका बारीक प्रवाह मोजतच नाही. कमी प्रवाहाला फिरणारं मीटर मागा, आणि प्रत्येक शेडला वेगळं. लाइन फ्लश केल्यावर तेवढे लिटर वहीत वेगळे लिहा, नाहीतर तो आकडा तुम्हाला फसवेल.

पाण्यानंतर वीज गेल्याचा अलार्म घ्या. मग तापमान. कॅमेरा आणि बाकीचं त्याच्याही नंतर.

प्रश्न : पहिल्या दिवसाची पिल्लं आहेत. अॅपवर ३२ अंश दिसतंय, वयानुसार तापमानाच्या चार्टमध्येही तेच लिहिलंय, तरी पिल्लं ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या शेगडीखाली) एकमेकांवर चढून बसतात आणि कलकल करतात. सेन्सर नवा आहे. चूक कोणाची?

सेन्सर कुठे टांगलाय ते आधी बघा. मी पैज लावून सांगते, तो तुमच्या छातीच्या उंचीवर, खांबाला खिळ्यावर लटकत असेल. बसवणारा माणूस उभ्याने काम करतो, म्हणून तो उभ्याच्या उंचीवर बसवतो. गरम हवा वर जाते. तुमच्या छातीपाशी ३२ असेल तेव्हा जमिनीपाशी चार-पाच अंश कमी असू शकतं. आणि पिल्लू तर जमिनीवरच आहे.

सेन्सर गादीपासून चार बोटं वर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवा. ब्रूडरच्या थेट खाली नको, दाराच्या झोतात नको, जिथे दुपारचं ऊन पडतं तिथेही नको. ब्रूडरच्या कडेपासून थोडा बाहेर, पिल्लं जिथे खातात-पितात तिथे. पिल्लं मोठी होतील तसा दोरीने वर घेत जा. एका शेडला एक सेन्सर पुरत नाही. निदान दोन हवेत, शेडच्या दोन टोकांना.

हवेइतकीच गादीही तापलेली हवी. पहिल्या दिवशी हवा ३२-३३ आणि गादी २८ ते ३० अंश. त्यासाठी ब्रूडर पिल्लं येण्याच्या निदान २४ तास आधी पेटवावा लागतो, थंडीत त्याहून आधी. पिल्लं आल्यावर पेटवला तर हवा तासाभरात तापते, पण खालची जमीन गारच राहते. अण्णा अजूनही एक गोष्ट करतात. वेगवेगळ्या जागांवरून पाच-सहा पिल्लं उचलायची आणि त्यांचे पाय आपल्या गालाला लावायचे. पाय गार लागले तर स्क्रीनवर काहीही असो, पिल्लाला थंडी वाजते आहे. मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन त्यांच्यामागे फिरले आहे. पाय गार लागलेल्या जागी गादी प्रत्येक वेळी २६च्या खाली निघाली.

आता सेन्सर खरा बोलतो का ते बघू. सेन्सरचा पाण्यात बुडवता येणारा प्रोब, म्हणजे मोजणारं टोक, असेल तर भांड्यात बारीक ठेचलेला बर्फ घ्या, तो भिजेल इतकं स्वच्छ पाणी घाला, ढवळा, प्रोब मधोमध धरा आणि पाच मिनिटं थांबा. ० दिसायला हवं. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल. दोन अंशांचा फरक असेल तर तो अॅपमध्ये दुरुस्त करा किंवा सेन्सर बदला. आर्द्रतेचीही घरगुती तपासणी आहे. छोट्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यावर ते ओलसर चिखलासारखं होईल इतकंच पाणी टाका, सेन्सरसकट घट्ट बरणीत बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. सेन्सरला मीठ लागू देऊ नका. मी प्रत्येक बॅचच्या आधी, शेड रिकामी असताना, या दोन्ही तपासण्या करते.

आर्द्रतेचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा : तेच ३२ अंश कोरड्या हवेत पिल्लाला कमी वाटतात आणि दमट हवेत जास्त. म्हणून चार्टमधला आकडा फक्त सुरुवात करायला वापरा. पुढचं पिल्लं सांगतात. ब्रूडरखाली गोळा झाली तर थंडी. लांब कडेला जाऊन चोच उघडून पंख सैल सोडले तर उष्णता. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. शेडभर सारखी पसरलेली, काही खातायत, काही झोपलीयत आणि आवाज मंद, तर हात लावू नका. कॅमेरा घेतलात तर याच कामासाठी वापरा. आत माणूस गेला की पिल्लं हलतात, कॅमेऱ्यात ती जशी आहेत तशी दिसतात.

प्रश्न : तापमानाचा अलार्म रात्री इतक्या वेळा वाजतो की यांनी वैतागून तो बंदच करून टाकला. मला भीती वाटते. काय करू?

तुमची भीती बरोबर आहे. आमच्यावर ही वेळ येऊन गेली आहे.

आम्ही पहिल्यांदा अलार्म लावला तेव्हा खालची मर्यादा ३० अंश ठेवली. पिल्लं दोन दिवसांची होती, तेव्हा ती ठीक होती. पण पिल्लांना रोज थोडं कमी तापमान लागतं. आठवड्याला साधारण अडीच-तीन अंश उतरवत आणायचं असतं. आम्ही ब्रूडरचं तापमान बरोबर उतरवत गेलो, अलार्मची मर्यादा मात्र तिथेच राहिली. नवव्या दिवशी शेडमध्ये हवं तेवढंच, म्हणजे २९, तापमान होतं आणि फोन रात्रभर वाजत होता. दोन रात्री आमचे हे दर वेळी उठून गेले, सगळं ठीक बघून परत आले. तिसऱ्या रात्री त्यांनी आवाज बंद केला. त्याच पहाटे गॅस संपला. सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता आणि ढिगाखाली ६२ पिल्लं गुदमरून मेलेली होती. वरची पिल्लं जिवंत आणि उबदार होती. ती एकेक उचलून बाजूला ठेवताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. म्हणून या प्रश्नाला जरा जास्तच लांब उत्तर देते आहे.

पहिलं म्हणजे, मर्यादा वयाबरोबर सरकली पाहिजे. बऱ्याच कंट्रोलरमध्ये, म्हणजे पंखे-ब्रूडर आपोआप चालवणाऱ्या पेटीत, वयानुसार तापमानाचा तक्ता भरता येतो आणि अलार्म त्या दिवसाच्या तापमानाच्या वरखाली इतके अंश असा लावता येतो. तसं नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी हाताने बदला आणि बदलल्याची वहीत खूण करा. फरक एक अंशाचा ठेवू नका, तीन ठेवा. शिवाय दहा मिनिटांचा उशीर घाला, म्हणजे दार उघडलं म्हणून फोन वाजणार नाही.

बंदिस्त शेडच्या वीज जाण्याच्या अलार्मला मात्र असा उशीर नको. पंखे थांबले की भर उन्हाळ्यात मोठ्या पक्ष्यांना अर्धा तासही मिळत नाही. कोंबडीला घाम येत नाही. धाप टाकून आणि अंगावरून वारा गेला तरच तिची उष्णता उतरते. हा अलार्म कंट्रोलरपासून वेगळा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा आणि स्वतःच्या सिमवरून थेट फोन लावणारा हवा. अॅपची सूचना यासाठी भरवशाची नाही. झोपेत ती ऐकू येत नाही, आणि वीज गेली की वायफायही गेलेलं असतं. त्या सिमचा नंबर घरातल्या तिघांच्या फोनमध्ये असा साठवा की फोन सायलेंट असला तरी तेवढा वाजेल. सिमचं रिचार्ज कधी संपतं ते भिंतीवर लिहा.

दर रविवारी सकाळी मी मेन स्विच खाली ओढते आणि हातातल्या घड्याळात सेकंद मोजते. फोन किती वेळात वाजला, जनरेटर किती वेळात सुरू झाला, त्याने सगळे पंखे उचलले का. जनरेटर नुसता रिकामा सुरू करून बंद करू नका, त्याला पूर्ण भार द्या. पडद्यांची शेड असेल तर पडदा धरून ठेवणारं चुंबक मिळतं. वीज गेली की ते सुटतं, पडदा आपोआप खाली येतो आणि शेड उघडी होते. आमच्याकडे ते आहे, आणि रविवारच्या तपासणीत ते दोनदा अडकलेलं सापडलं, कारण दोरीत धूळ आणि पिसं गुंतली होती.

आणि यांच्याशी बोला. रागावू नका, ते थकलेत. आमच्याकडे आता पाळ्या ठरलेल्या आहेत. आज ज्याची पाळी, त्याचा फोन आधी वाजतो. त्याने पाच मिनिटांत उचलला नाही तर पुढच्याचा. रोज एकच माणूस उठत असेल तर कुठलाही अलार्म तो शेवटी बंदच करणार.

प्रश्न : पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय पोचत नाही. इंटरनेट गेलं तर पंखे थांबतील का?

घेण्याआधी विकणाऱ्याला हाच प्रश्न विचारा आणि त्याच्यासमोर राउटर बंद करून दाखवायला सांगा. पंखे, ब्रूडर, दिवे यांचा निर्णय शेडमधल्या पेटीनेच घेतला पाहिजे. इंटरनेट फक्त तुम्हाला लांबून बघण्यासाठी हवं. इंटरनेट गेल्यावर पंखे गोंधळणार असतील तर ती वस्तू घेऊ नका. शिवाय एका पंख्याला कंट्रोलरच्या बाहेरून साधा थर्मोस्टॅट जोडून ठेवा, म्हणजे कंट्रोलर बंद पडला तरी ठरावीक उष्णतेला तो पंखा सुरू होतोच.

पत्रा वायफाय अडवतो. ऍन्टेना बाहेर काढा, किंवा लोरा नावाच्या रेडिओ पद्धतीचे सेन्सर बघा. त्यांना थोडीच माहिती पाठवायची असते आणि ती लांबवर जाते. सगळ्या पेट्या धूळ-पाणी न शिरणाऱ्या घ्या. अमोनिया तांब्याच्या तारा खातो आणि उंदीर बाकीचं खातात, म्हणून तारा पाइपातून न्या. शेड धुण्याआधी सेन्सर काढून ठेवा.

दुरुस्तीला येणारा माणूस सकाळी दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन आलेला असतो. त्याचे बूट बाहेर, आपले आत, हात धुऊन आणि अवजारं पुसून. यात भीड धरू नका.

प्रश्न : अमोनियाचा सेन्सर कायम ८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत आठ भाग) दाखवतो. पण माझ्या बहिणीचे शेडमध्ये गेल्या गेल्या डोळे चुरचुरले. मला तर काही वास येत नाही.

बहिणीचं खरं धरा. रोज शेडमध्ये असणाऱ्याचं नाक अमोनियाला सरावतं, म्हणून आपल्याला कळत नाही. अमोनिया २० पीपीएमच्या खाली ठेवायचा असतो. त्याच्या वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडायला लागतात आणि मग साधा आजारही जड जातो.

सेन्सर कायम एकच आकडा दाखवतो हीच मोठी शंका. अमोनियाचे बहुतेक सेन्सर रासायनिक असतात आणि वर्ष-दोन वर्षांत संपतात. सतत अमोनियात राहिले तर त्याहून लवकर. संपताना ते कमी दाखवत जातात, म्हणजे धोका वाढतो तेव्हाच तुम्हाला धीर देतात. ओलसर करून हवेत धरायच्या चाचणीपट्ट्या मिळतात, त्यांनी आठवड्यातून एकदा ताडून बघा. पट्टी पक्ष्यांच्या उंचीवर धरा.

मूळ कारण ओली गादी. विष्ठेतलं युरिक अॅसिड जिवाणू फोडतात आणि त्याला ओल लागते. थंडीत ऊब टिकावी म्हणून आपण पडदे गच्च बंद करतो आणि ओल आतच कोंडते. गॅस ब्रूडर असेल तर जळणातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांची भर पडते. थंडीतही पंखा थोडा थोडा चालू हवा. दर पाच मिनिटांतून तीस सेकंद चालेल असा टायमर लावून सुरुवात करा आणि गादी व पिल्लं बघून वाढवा.

प्रश्न : आपोआप वजन करणारा काटा शेडमध्ये ठेवलाय. पाचव्या आठवड्यात त्यावरचं सरासरी वजन खऱ्यापेक्षा कमी येतं. काटा तपासला, बरोबर आहे.

काटा बरोबरच आहे. वाढलेले, जड ब्रॉयलर काट्यावर कमी चढतात आणि हलके, चपळ पक्षी पुन्हा पुन्हा चढतात. म्हणून सरासरी खाली येते. पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे वापरा. पुढे आठवड्यातून एकदा शेडच्या तीन जागांवर जाळी लावा आणि आत अडकलेला प्रत्येक पक्षी हाताने तोला, निवडून नको. सातव्या दिवसाचं वजन तर हातानेच करा. पहिल्या दिवसाच्या चौपट किंवा त्याहून थोडं जास्त भरलं तर ब्रूडिंग चांगलं झालं असं मी मानते.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. ते रोज वहीत लिहितात. आता सगळं अॅपवर आहे म्हणून नवऱ्याने वही बंद करायला सांगितली. तेव्हापासून ते शेडकडे फिरकत नाहीत. मला हे बरं वाटत नाही.

वही आजच परत सुरू करा.

अॅपला आकडे कळतात. ‘डाव्या कोपऱ्यातल्या कोंबड्या आज उशिरा उठल्या’ हे अॅपला कळत नाही. आमच्या वहीत अण्णांच्या हातचं एक वाक्य आहे : ‘रात्री दिवे गेल्यावर आवाज बसका.’ त्या दिवशी तापमान, पाणी, मरतूक सगळं हिरवं होतं. मी दिवे मालवून दहा मिनिटं अंधारात उभी राहिले, तेव्हा मलाही ऐकू आलं. शिंक आणि मधूनच घरघर. सकाळी डॉक्टरांना बोलावलं. पाणी कमी व्हायला त्यानंतर दीड दिवस लागला.

वहीचं पान उभं दोन भागांत आखा. डावीकडे तुम्ही अॅपवरून चार आकडे उतरवा : पाणी, खाद्य, सर्वात कमी आणि सर्वात जास्त तापमान. मरतूक हातानेच मोजून लिहा. उजवी बाजू सासऱ्यांची. त्यांनी फेरी मारून जे दिसलं, जे ऐकलं ते लिहावं. डावीकडचं आधी दाखवू नका, त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. मग संध्याकाळी नवऱ्याला दोन्ही बाजू शेजारी शेजारी वाचायला बसवा. आमच्याकडे उजव्या रकान्याला अण्णांनी स्वतःच नाव दिलंय, ‘आजची फेरी’. तुमच्याकडे काय म्हणायचं ते सासऱ्यांना विचारा.